आम्ही आणि आपण : तापीकाठच्या भाषा आणि आपले पूर्वज



धर्मशिक्षणाच्या वर्गात नाव नोंदवताना आम्ही मुलांकडून एक छोटा कागद भरून घेतो. नाव, आईवडिलांचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख, मूळ गाव, मातृभाषा. मूळ गावाच्या रकान्यात नवापूर, नंदुरबार, साक्री, अमळनेर, सोनगढ, व्यारा, क्वचित ओडिशातले गंजाम अशी नावे येतात. मातृभाषेच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी दोनच शब्द दिसतात : 'गुजराती' किंवा 'हिंदी'. घरी आजी अहिराणी बोलते, आई मावची बोलते, आणि मूल लिहिते 'हिंदी'. विचारले तर उत्तर मिळते, "ती काही भाषा नाही, ते आमचं घरचं बोलणं."

मोठ्यांचा प्रश्न वेगळा असतो. सणाच्या मिस्सेत गीत कोणत्या भाषेत म्हणायचे, वाचन कोणी करायचे, यावर बोलणे निघाले की हळूच एक वाक्य येते, "आम्ही इथले मूळचे" किंवा "आम्ही यांच्या आधी आलो." आपल्या चलथाणमध्ये हे वाक्य जवळजवळ प्रत्येक समाजाकडून ऐकायला मिळते. सगळेच मूळचे आणि सगळेच बाहेरचे, असे कसे होईल? म्हणून या वेळी उपदेशाऐवजी थोडा इतिहास पाहू. आपण कोण, कुठून आलो, आपल्या तोंडात ही भाषा कशी आली, आणि पवित्र शास्त्र याबद्दल काय शिकवते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

एका नदीकाठी किती घराणी

भारतातल्या भाषांची चार मोठी घराणी भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मराठी, गुजराती, हिंदी, ओडिया या इंडो-आर्यन घराण्यातल्या. तेलुगू, कन्नड, तमिळ, गोंडी या द्राविडी घराण्यातल्या. संथाली, मुंडारी, कोरकू या मुंडा शाखेच्या, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई घराण्यातल्या. दूर कंबोडिया आणि व्हिएतनाममधल्या भाषा याच घराण्याचे नातेवाईक. चौथे घराणे तिबेटो-बर्मन, ते हिमालय आणि ईशान्येकडचे.

यांतली तीन घराणी आपल्या तापी नदीच्या खोऱ्यात भेटतात. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. उगमाकडच्या बैतूल जिल्ह्यात गोंडी आणि कोरकू दोन्ही बोलल्या जातात. कोरकू मेळघाटातही आहे. थोडे खाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या परिसरात निहाली नावाची एक भाषा आहे. तिचे नाते चारही घराण्यांपैकी कुणाशीच पक्के जुळत नाही. बोलणारे फार थोडे, दोन-अडीच हजारांच्या आसपास. भाषांच्या जगात ती एकटी आहे. आई नाही, बहीण नाही, तरी शतकानुशतके ती टिकून राहिली.

पुढे खानदेशात अहिराणी. सातपुड्याच्या कुशीत भिली आणि पावरी. नवापूरकडे मावची. सीमा ओलांडली की गामीत, चौधरी, वसावा. दक्षिणेला डांगात डांगी आणि कुकणा, वलसाडकडे धोडिया आणि वारली. आणि मुखाशी सुरती गुजराती, जिच्यात 'स'चा 'ह' होतो आणि सुरतचेही 'हुरत' होते.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली नावे तपासून १,३६९ मातृभाषा ठरवल्या गेल्या. त्या गटागटांनी एकत्र करून १२१ भाषा मोजल्या, आणि त्यांतल्या २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. अनुसूचीत नसलेल्या भाषांमध्ये सर्वांत मोठी कोणती, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगा : भिली-भिलोडी, १ कोटी ४ लाखांहून अधिक लोकांची. गामीत, चौधरी, वसावा, मावची, धोडिया, वारली या सगळ्यांची गणना त्याच गटात होते. खानदेशी म्हणून नोंद झालेले लोक १८ लाखांवर आहेत. ज्याला मूल 'घरचं बोलणं' म्हणते, ते बोलणारे लोक युरोपातल्या कित्येक देशांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत.

उधळ्या पुत्राची गोष्ट, तापीकाठच्या बोलींत

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जॉर्ज ग्रिअर्सन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला, तो भिल्ल भाषा आणि खानदेशी यांच्यावर. आज आपल्या धर्मग्रामात बोलल्या जाणाऱ्या कितीतरी बोलींचे नमुने त्यात आहेत : खानदेशी, मावची, गामीत, चौधरी, धोडिया.

भाषांची तुलना करायची तर सगळीकडे एकच मजकूर हवा. ग्रिअर्सनने त्यासाठी संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत निवडला. कारण व्यवहाराचे होते. त्या गोष्टीत मी, तू, तो अशी तिन्ही सर्वनामे येतात, नामाच्या विभक्ती येतात, भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही काळ येतात. कुठे काही शब्द स्थानिक सोयीने बदलावे लागले, पण गोष्ट तीच राहिली. बापाकडून हिस्सा मागणारा मुलगा, दूरचा देश, दुष्काळ, आणि धावत येऊन गळ्यात पडणारा बाप.

आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या बोलींना गावातला शिक्षकही 'अशुद्ध' म्हणत असे, त्या बोलींत प्रभूचा दृष्टांत सरकारी कामासाठी का होईना लिहिला गेला. चौधरी बाप चौधरीत बोलला, खानदेशी बाप खानदेशीत बोलला, आणि मुलगा परत आला. देवाचे वचन उतरू शकणार नाही इतकी लहान कोणतीच बोली नाही, याचा हा पुरावा आहे. पुरावा देणाऱ्याच्या मनात तसे काही नव्हते, म्हणून तो जास्तच भरवशाचा.

भाषेवरून रक्त ओळखता येते का?

पुष्कळांना वाटते, भाषा कळली की पूर्वज कळले. आपल्या आसपास पाहिले तर हे खरे ठरत नाही.

पारशी बंधूंचे उदाहरण घ्या. त्यांचे पूर्वज इराणमधून आले आणि संजाणला उतरले, अशी परंपरा किस्से-संजाण या काव्यात बहमन कैकोबादने सोळाव्या शतकाच्या शेवटी नोंदवली. आज त्यांची मातृभाषा गुजराती. प्रार्थनेची भाषा मात्र जुनी, अवेस्ता.

दुसरे उदाहरण अगदी आपल्या शेजारचे. चलथाणहून जवळच असलेले सचिन हे १७९१ पासून स्वातंत्र्यापर्यंत एक संस्थान होते आणि तिथले नवाब सिद्दी, म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले असे. जंजिऱ्याचे सिद्दी आणि सचिनचे सिद्दी एकाच घराण्याचे. गुजरातमधले सिद्दी आज गुजराती बोलतात, त्यांच्या गाण्यात आणि ढोलाच्या ठेक्यात मात्र आफ्रिकेची आठवण आहे. तिसरे उदाहरण सुरतेच्या दाऊदी बोहऱ्यांचे. त्यांची भाषा गुजराती, पण ती अरबी शब्दांनी भरलेली आणि अरबी लिपीत लिहिलेली.

आता आपल्याकडे वळू. 'अहिराणी' हे नाव अहीर किंवा आभीर लोकांवरून आले. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा शिलालेख आहे, तिसऱ्या शतकातला. म्हणजे नाव जुने आहे. पण आज अहिराणी बोलणारे सगळे आभीरांचे वंशज आहेत का? मुळीच नाही. ती खानदेशातल्या सगळ्या जातीजमातींची बोली आहे. खानदेशातल्या गुजर समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गुजरातेतून पूर्वेला गेले. त्यांची नातवंडे आज कामासाठी उधना-लिंबायतला येतात आणि 'महाराष्ट्रातून आलेले' म्हणवतात. पूर्वज गेले त्याच वाटेने ती परत आली आहेत!

अहिराणीच्या बोलण्यातही ही वाट दिसते. मराठी माणूस 'आहे' म्हणतो, गुजराती 'छे' म्हणतो, अहिराणी 'शे' म्हणते. मराठीत 'घराचा', गुजरातीत 'घरनो', अहिराणीत 'घरना'. म्हणूनच ती मराठीची बोली की गुजरातीची, यावर विद्वानांनी बराच वाद घातला. ग्रिअर्सनने तिला भिल्ल भाषांशेजारी ठेवले. अहिराणी आजीला या वादाची गरज पडली नाही. तिला अमळनेरच्या बाजारातही बोलता येत होते आणि सुरतेच्या बाजारातही.

'कुकणा' किंवा 'कोकणा' हे नाव कोकणाकडे बोट दाखवते, आणि पूर्वज कोकणातून डोंगरात आले असे त्या समाजात सांगितले जाते. भिल्ल या नावाचा संबंध अनेक अभ्यासक द्राविडी भाषांतल्या धनुष्य या अर्थाच्या 'विल' किंवा 'बिल' शब्दाशी लावतात. आज भिल्लांच्या सगळ्या बोली इंडो-आर्यन आहेत. फार पूर्वी त्यांची दुसरीच एखादी भाषा असावी आणि शेजाऱ्यांच्या सहवासात ती बदलली असावी, असे पुष्कळ विद्वानांना वाटते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपले पूर्वज कुणाबरोबर राहिले, कुणाशी व्यवहार केला, कुणाच्या शेतात राबले, हे भाषा सांगते. त्यांचे रक्त कोणते, हे ती सांगत नाही.

आणि रक्ताचे काय? गेल्या काही वर्षांत जनुकांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. २००९ नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून दिसते ते थोडक्यात असे : भारतातला जवळजवळ प्रत्येक समाज मिश्र आहे. या भूमीवरचे प्राचीन शिकारी लोक, इराणच्या बाजूच्या प्राचीन लोकांशी नाते असलेले लोक, आणि मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून आलेले लोक, यांचे अंश कमी-अधिक प्रमाणात आपल्यात आहेत. २०१३ च्या एका अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात ही सरमिसळ फार मोठ्या प्रमाणावर झाली आणि नंतर जातीजातींत लग्ने बंद झाली. म्हणजे आधी सगळे एकमेकांत मिसळले आणि मग भिंती बांधल्या. ज्याला आपण 'शुद्ध कुळ' म्हणतो, ते भिंतीच्या अलीकडच्या काळाचे नाव आहे.

लोक का हलले?

पूर्वज काही हौसेने हलले नाहीत. कुणाला सैन्याने आणले, कुणाला दुष्काळाने, कुणाला धरणाने, कुणाला पगाराने.

शिवाजी महाराज सुरतेवर १६६४ आणि १६७० मध्ये चालून आले. पहिल्या वेळी कॅपुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्या निवासाला हात लावू नये असे त्यांनी सांगितले, ही हकिकत फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवली आहे. मराठी मावळ्यांची आणि सुरतेतल्या ख्रिस्ती पाद्र्यांची ती भेट आदराची होती, हे आपल्या मुलांना माहीत असावे. पुढे अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगढला ठाणे केले. गायकवाडांचे राज्य बडोद्याला गेले, पण सोनगढ, व्यारा, नवसारी हा भाग बडोदे संस्थानात राहिला. त्यामुळे मराठी कारकून, शिपाई आणि त्यांची कुटुंबे इकडे शेकडो वर्षांपासून आहेत.

याच भागातल्या आदिवासींना त्या काळी 'काळीपरज' म्हणत, म्हणजे काळी प्रजा, आणि सवर्णांना 'उजळीपरज'. गांधीजींच्या चळवळीच्या दिवसांत, १९२० नंतरच्या दशकात, त्या नावाऐवजी 'रानीपरज' म्हणजे रानातली प्रजा हा शब्द आला. हळपती बांधव तर पिढ्यान् पिढ्या सावकाराच्या शेतावर 'हाळी' म्हणून बांधलेले होते. पालसाणा आणि बारडोलीच्या या सुपीक जमिनीवर सर्वांत जुना घाम त्यांचा आहे. 'मूळचे कोण' हा प्रश्न विचारायचाच असेल, तर उत्तर ऐकताना आपली मान खाली जाईल.

मग रेल्वे आली. सुरतेहून खानदेशात जाणारी तापी खोऱ्याची लाईन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. उधना, चलथाण, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. आपल्यापैकी निम्म्या घरांचा इतिहास या स्टेशनांच्या नावांत आहे. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले. डांगी बोली मराठीची की गुजरातीची, यावर त्याआधी मोठा वाद झाला होता. शेवटी डांग गुजरातेत आला. नवापूरचे स्टेशन मात्र सीमेवरच पडले. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. त्यावर एक बाक असा आहे की त्याच्या एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाला बसलेला गुजरातेत असतो. बाकावर बसलेल्या मावची कुटुंबाला मात्र दोन्हीकडे नातेवाईक आहेत.

१९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि तापीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. जमीन गेली, तशी गावाची बोलीही विखुरली. उसाच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळे इथून तोडकरी जोडपी येतात. एका जोडप्याला एक 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत आपल्याला टोचली पाहिजे. आता कडोदरा आणि चलथाणच्या गिरण्यांत ओडिया, भोजपुरी आणि तेलुगू ऐकू येते. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर तर सुरतेत कित्येक वर्षांपासून आहेत.

पवित्र शास्त्रातले पूर्वज

आता बायबल उघडू. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात राष्ट्रांची यादी आहे. नोहाच्या तीन मुलांपासून निघालेली कुळे तिथे भाषा, देश आणि गोत यांनुसार मांडली आहेत. भाषा वेगवेगळ्या झाल्या, त्याचे कारण अकराव्या अध्यायात बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत येते. पण लक्षात घ्या, दहावा अध्याय आधी आहे, आणि त्यात भाषांची विविधता शाप म्हणून सांगितलेली नाही. पृथ्वी भरून काढा, असे जे देवाने सांगितले होते, त्याचेच ते फळ आहे. बाबेलचे पाप अनेक भाषांचे नव्हते. एकच नाव, एकच बुरूज, एकच सत्ता हवी, या गर्वाचे ते पाप होते.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन येणाऱ्या इस्राएली माणसाने काय कबूल करायचे, हे दिले आहे. आपला पूर्वज भटका अरामी होता, असे त्याने म्हणायचे आहे. स्वतःची जमीन, स्वतःचे पीक हातात असताना! 'आम्ही मूळचे' असे म्हणायला देव त्याला शिकवत नाही. 'आम्ही आलेले' हे विसरू नको, असे शिकवतो.

प्रभू येशूची वंशावळ मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात आहे. तीत यरीहोची राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरीया हित्तीची पत्नी आहे. ज्याला 'शुद्ध कुळ' शोधायचे आहे, त्याने प्रभूच्या घराण्यात शोधू नये.

बोलण्यावरून माणूस ओळखून त्याला मारल्याची गोष्टही शास्त्रात आहे. शास्ते, अध्याय बारा. यार्देनच्या उताराशी एफ्राइमी माणसाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. त्याला 'श' म्हणता येत नसे, तो 'स' म्हणे, आणि तिथेच त्याचा जीव जाई. आपल्या भागात कुणी 'सुरत' म्हणते, कुणी 'हुरत'. कुणाचा जीव जात नाही, हे खरे. पण बोलण्याच्या ढंगावर हसले की मूल पुढच्या वेळी वाचनाला हात वर करत नाही. तेही एक छोटे मरणच. आणि संत पेत्र? मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात त्याची बोलीच त्याला उघडे पाडते. तो गालिली आहे, हे लपत नाही. त्याच गालिली ढंगाच्या माणसाला प्रभूने मंडळीचा पाया केले.

मग पेंटेकॉस्ट. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, मिसरचे, रोमचे, क्रेतीय, अरब अशी लांब यादी आहे. पवित्र आत्मा उतरला, तेव्हा सगळे एक भाषा बोलू लागले असे झाले नाही. प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले. यरुशलेमेत त्या सगळ्यांचे काम ग्रीक किंवा अरामी भाषेत चालले असते, जसे आपले हिंदीत चालते. पवित्र आत्म्याने तेवढ्यावर भागवले नाही.

मंडळीने भाषेसाठी काय केले

या वाटेने आपले पूर्वीचे सेवक चालले. इंग्लंडमधून गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. सेरामपूरला विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ यांनी मराठी नव्या कराराचे काम केले, तो १८११ मध्ये निघाला. आपल्या सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी १८१५ मध्ये आले आणि गुजराती बायबलचे काम त्यांनी इथे केले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्खे बायबल आणले, अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत. त्या १९२२ मध्ये प्रभूकडे गेल्या. अमेरिकेतल्या ब्रदरेन मंडळीचे विल्बर स्टोव्हर १८९५ मध्ये वलसाडला आले. पुढे त्या मंडळीचे काम व्यारा, आहवा आणि मराठी डहाणूपर्यंत पसरले. १९७० मध्ये ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली.

आम्हा कॅथलिकांच्या मिस्सेची भाषा शतकानुशतके लॅटिन होती. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना दार उघडले. १९६६ मध्ये बडोदा धर्मप्रांत झाला. त्याआधी हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. म्हणजे आपल्या धर्मप्रांताचे वय आणि आपल्या भाषेतल्या मिस्सेचे वय साधारण एकच. हा वारसा अजून तरुण आहे, तो पुढे वाढवायचा आहे.

'आम्ही' आणि 'आपण'

शेवटी एक छोटीशी व्याकरणाची गोष्ट, कारण तिच्यात मोठा धडा आहे.

हिंदीत 'हम' हा एकच शब्द. मराठीत दोन : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही जेवायला जातो' म्हटले तर ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले तर तोही पंगतीला आला. गुजरातीत हेच 'अमे' आणि 'आपणे'. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु'. संस्कृतात हा भेद नव्हता, द्राविडी भाषांत होता. म्हणून अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात की मराठी आणि गुजरातीने तो द्राविडी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या सहवासात घेतला. म्हणजे आपल्या 'आपण'मध्ये कुणातरी विसरलेल्या शेजाऱ्याची देणगी आहे. शेजाऱ्याला आत घेण्याचा हा शब्द, आणि तो शिकलो शेजाऱ्याकडूनच!

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण देवाला 'आमच्या' पित्या म्हणतो, 'आपल्या' नव्हे. व्याकरणाने ते बरोबर आहे, कारण आपण त्याच्याशीच बोलत असतो. पण त्या 'आमच्या'मध्ये कोण कोण आहे, हा प्रश्न उरतो. 'आम्ही खानदेशी', 'आम्ही गामीत', 'आम्ही वसईकर', 'आम्ही नगरचे' या प्रत्येक वेळी शेजारचा बाकडा बाहेर राहतो. प्रार्थनेत मात्र शेजारच्या बाकड्यावरचा ओडिया कामगार, कोयता घेऊन आलेले डांगी जोडपे, हळपती आजी, सगळे त्याच 'आमच्या'त उभे असतात. देवासमोर 'आम्ही' म्हणायचे असेल, तर आधी एकमेकांना 'आपण' म्हणता आले पाहिजे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याकडून त्यांच्या बोलीतली प्रार्थना, एखादे भजन, एखादी गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. पेंटेकॉस्टच्या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनांपैकी एक अहिराणीत, एक गामीतमध्ये, एक ओडियात होऊ द्या. आजाऱ्याकडे जाताना त्याची बोली येणाऱ्या एखाद्याला सोबत न्या. शेवटच्या घटकेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. आणि मुलांना उधळ्या पुत्राची गोष्ट त्यांच्या घरच्या बोलीत सांगायला लावा, आणि कुणी हसले तर तिथेच थांबवा.

प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात सिंहासनासमोर उभा असलेला जो अगणित समुदाय योहानाला दिसला, तो सर्व राष्ट्रांचा, वंशांचा, लोकांचा आणि भाषांचा होता. म्हणजे स्वर्गातही योहानाला त्या भाषा वेगवेगळ्या ओळखता आल्या. तिथे अहिराणी ऐकू यायची असेल, मावची ऐकू यायची असेल, तर ती इथे आपल्या लेकरांच्या तोंडी राहिली पाहिजे.

हे प्रभू, तू आमच्या भटक्या पूर्वजांना वाट दाखवलीस, तशी आम्हालाही दाखव. आमच्या आजीची भाषा आमच्या लेकरांच्या ओठी राहू दे. शेजाऱ्याच्या बोलीतही तुझा आवाज ओळखण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.